खळ्यावरची हळद आणि मीटरवरचं युनिट

"घरातला एक दिवा मालवला तर बाहेरचं ऊन कमी होणार आहे का?" मे महिन्यात वसमतमध्ये वीजबचतीचा विषय काढला की हा प्रश्न येतोच. प्रश्न रास्त आहे. आजचं ऊन त्यानं कमी होणार नाही. पुढच्या वीस-तीस वर्षांत ते किती चढेल, यात मात्र त्या दिव्याचा वाटा आहे. तो वाटा केवढा हे कोणतं उपकरण, किती जण आणि किती वाजता, या तीन गोष्टींवर ठरतं. म्हणून आधी थोडे हिशोब करू. बहुतेक हिशोब शाळेच्या विज्ञानातले आहेत, पण त्यांची उत्तरं भल्याभल्यांना चकवतात.

अडीच महिन्यांची वीज, एका क्विंटलात

सुरुवात हळदीपासूनच करायला हवी. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा चर्चा झाली ती रंगाची आणि भावाची. तिच्यातल्या उन्हाबद्दल कुणी बोललं नाही.

ओली हळद साधारण पाच क्विंटल शिजवून वाळवली की हाती एक क्विंटल येते. उरलेले चार क्विंटल कुठं गेले? वाफ होऊन आभाळात. चारशे लिटर पाणी हवेत उडवायला जेवढी उष्णता लागते, ती विजेच्या मापात मांडली तर सुमारे २६५ युनिट होतात. एका क्विंटलमागे! महिन्याला शंभर युनिट जाळणारं घर तेवढ्यात अडीच महिने चालेल. मार्च-एप्रिलमध्ये वसमत तालुक्यातल्या शेतांत, ओट्यांवर, ताडपत्र्यांवर पसरलेली हळद डोळ्यांसमोर आणा. इथलं सगळ्यांत मोठं सौरऊर्जा केंद्र ते आहे, आणि ते आजचं नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे.

हळद शिजवण्यातही असंच शहाणपण मुरलेलं आहे. कंद खणण्याआधी पाला कापून घेतात. वाळलेला तोच पाला पूर्वी कढईखाली जळायचा. हल्ली बऱ्याच जणांकडं वाफेचे ड्रम आले. त्यांत कंद बुडेपर्यंत पाणी तापवायची गरज नसते, वाफ थेट कंदापर्यंत जाते. पाणी कमी, सरपण कमी, वेळ कमी. ही बचत कुणी पर्यावरणाच्या नावानं सुरू केली नाही. परवडली म्हणून ती टिकली, आणि टिकलेल्या बचतीचाच पृथ्वीला उपयोग होतो.

पण हे केंद्र उन्हावर चालतं, आणि आभाळाचा भरवसा कमी होत चालला आहे. हळद वाळत असताना अवकाळी पावसाचं नुसतं सावट आलं तरी घरदार ताडपत्री घेऊन शेतात पळतं. भिजलेल्या हळदीचा रंग उतरतो आणि रंगाबरोबर भावही. जुलै २०२२ मध्ये याच तालुक्यातल्या कुरुंद्यात एका रात्रीच्या पावसानं गावात पाणी शिरलं होतं. एखाद्या पावसाचं खापर थेट हवामानबदलावर फोडता येत नाही, हे खरं. पण तापलेली हवा जास्त बाष्प धरते, दर अंशामागे सुमारे ७ टक्के जादा, आणि ते बाष्प कुठं तरी एकदम ओततं. हे साधं भौतिकशास्त्र आहे.

एक युनिट किती जड?

हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. ऐकायला किरकोळ वाटतं. आता सायकलवर बसा आणि पेडल मारून वीज तयार करा. धडधाकट माणूस सलग काम करत राहिला तर ७५ ते १०० वॅट देतो. म्हणजे एका युनिटासाठी दहा तासांहून जास्त पेडल मारायचं. एका गड्याची दिवसभराची मेहनत एका युनिटात मावते, आणि ती आपल्याला काही रुपयांत मिळते. विहिरीवर मोट होती तेव्हा बैलजोडीची ताकद साधारण एक एचपी धरत. ५ एचपीची मोटार सुरू केली की पाच बैलजोड्या एकदम जुंपल्या, असं समजा.

औष्णिक केंद्रात एका युनिटापायी ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. त्यातली जेमतेम एक तृतीयांश उष्णता विजेत उतरते, बाकीची चिमणीतून आणि पाण्याच्या वाफेतून निघून जाते. मग ही वीज तारांतून, डीपीतून, कधी आकड्यांतून येता येता देशाच्या सरासरीनं सहा युनिटांतलं एक वाटेतच संपतं. म्हणून घरात एक युनिट वाचलं की केंद्रावर १.२ युनिट वाचतात. पाणी, वारा, ऊन सगळं धरून काढलेली देशाची सरासरी आहे, दर युनिटामागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड.

याहून चकित करणारा हिशोब पेट्रोलचा. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, आणि ते जळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड २.३ किलो. तिप्पट कसा? पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन सोबत घेऊन जातो म्हणून. वसमतहून नांदेडला मोटारसायकलवर जाऊन परत आलं की साडेतीन किलोच्या आसपास धूर, म्हणजे हाच वायू, मागं राहतो. एसटीत किंवा रेल्वेत बसून गेलं तर त्यातला बहुतेक वाचतो. गॅसच्या १४.२ किलोच्या एका सिलिंडरचा धूर सुमारे ४२ किलो भरतो.

चार्जरवर उगाच आळ

"चार्जर भिंतीला लावून ठेवू नका, वीज जाते." हे आपण मुलांना इतक्या वेळा सांगतो, की तेवढं केलं म्हणजे कर्तव्य संपलं असं वाटायला लागतं. मोबाइल न जोडलेला आजचा चार्जर वॅटच्या पाचव्या भागाएवढी वीज खातो. वर्षभर, दिवसरात्र लावून ठेवला तरी पावणेदोन युनिट. दोन हजार वॅटचा गिझर तेवढं तासाभराच्या आत संपवतो. मोबाइल रोज पूर्ण चार्ज केला, तरी एका युनिटात तो पन्नासेक वेळा भरतो.

इथं या विषयाची किल्ली आहे. उजेड आणि आवाज यांना वीज थोडी लागते. तापवायला, गार करायला आणि पाणी उचलायला ती ढीगभर लागते. बचतीची नजर या तीन ठिकाणी गेली की आकडे हलायला लागतात.

बादलीचं उदाहरण घ्या. हिवाळ्यात वीस लिटर पाणी अंघोळीपुरतं तापवायला अर्धं युनिट लागतं. घरात पाच माणसं असली की रोजचे अडीच आणि महिन्याचे ७५ युनिट, नुसत्या अंघोळीचे. महावितरणच्या घरगुती ग्राहकांपैकी सुमारे ७० टक्के लोक महिन्याला शंभर युनिटांच्या आतच वीज वापरतात, हे लक्षात घेतलं की गच्चीवरच्या सौर बंबाचं मोल कळतं. आणि जुना तांब्याचा बंब? पऱ्हाट्या-तुराट्यांवर पेटणारा? त्यातला कार्बन गेल्या हंगामात कपाशीनं आणि तुरीनं हवेतून घेतलेला असतो, तो परत हवेत जातो. चंद्रपूरच्या कोळशातला कार्बन २५ कोटींहून जास्त वर्षं जमिनीत गाडलेला होता. तो बाहेर आला की हवेत नवी भर पडते. धूर दोन्हींचा डोळ्यांत सारखाच जातो, आणि बंबाचा धूर छातीला वाईटच. पण हवेच्या जमाखर्चात दोन्हींची नोंद वेगळ्या पानांवर होते.

चार्जरच्या शेजारी एक खरा चोर मात्र बसलेला असतो, सेट-टॉप बॉक्स. टीव्ही रिमोटनं बंद केला तरी अनेक बॉक्स जवळपास पूर्वीइतकीच वीज घेत राहतात. दहा वॅटचा बॉक्स दिवसाचे वीस तास उगाच जागा राहिला, तर वर्षाला ७३ युनिट. चाळीसहून जास्त चार्जरांची वर्षभराची वीज! भिंतीवरचं बटण दाबणं एवढाच उपाय.

वाटीभर पाण्याचा गारवा

माठात दहा लिटर पाणी आहे, तापमान ३८ अंश. ते २६ अंशांवर आणायला किती पाणी झिरपून उडावं लागेल? सुमारे २०० ग्रॅम. एक वाटी! वाटीभर पाणी स्वतः उडून जातं आणि उरलेल्या दहा लिटरची उष्णता बरोबर नेतं. मराठवाड्यातली मे महिन्याची हवा कोरडी असते, म्हणून हे इथं झकास जमतं. कोकणात हाच माठ कष्टी होतो, कारण दमट हवा बाष्प घ्यायला राजी नसते. वाळ्याचा पडदा आणि कूलर हीच युक्ती मोठ्या मापानं करतात. घरगुती कूलर दीड-दोनशे वॅटमध्ये भागवतो, तर दीड टनाचा एसी हजार-दीड हजार वॅट ओढतो.

एसी असेलच तर एक आकडा पाठ करण्यासारखा आहे. तापमान एक अंशानं वर ठेवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचा प्रत्येक एसी सुरू केल्यावर आधी २४ अंशांवर येईल, असा नियम झाला. बहुतेक लोक समोर आलेला आकडा बदलत नाहीत, आणि या एका सवयीवर अख्खा नियम उभा आहे.

माळवद आठवतं का? लाकडी तुळया-सऱ्यांवर हातभर मातीचा थर देऊन केलेलं मराठवाड्यातलं छत. दुपारचं ऊन त्या थरात उतरेपर्यंत संध्याकाळ होते, तोवर बाहेर वारा सुटलेला असतो. सिमेंटचा स्लॅब आला आणि हा पहारेकरी गेला. आता स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहा वाजता आपल्या अंगावर ती उष्णता सोडतो. मग पंखा आहे, कूलर आहे, एसी आहे आणि बिल आहे. स्लॅबवर उन्हाळ्याच्या तोंडी चुन्याचे दोन हात मारले तर पांढरा रंग बरंचसं ऊन परत फेकतो आणि खालच्या खोलीला फरक लगेच जाणवतो. पुन्हा माळवद बांधा असं मी म्हणणार नाही, त्याची देखभाल ज्यांनी केली त्यांनाच ठाऊक. पण चुना तर कोणत्याही दुकानात मिळतो. वीजबचतीच्या सगळ्या सल्ल्यांत मला हा सगळ्यांत आवडतो, कारण ज्याच्या घरात एसी कधीच येणार नाही, त्यालाही तो रात्रीची झोप देतो.

३१० रुपयांचा दिवा ३८ ला

जुन्या साठ वॅटच्या पिवळ्या बल्बला दिवा म्हणणं चूकच होतं, ती शेगडी होती. घेतलेल्या विजेतला पाच टक्क्यांच्या आसपास भाग उजेड, बाकी सगळी उष्णता. तेवढाच उजेड आता नऊ वॅटच्या एलईडीत मिळतो. रोज पाच तास धरले तर एका दिव्यामागे वर्षाला ९३ युनिट वाचतात.

सुरुवातीला एलईडी कुणी घेईना, कारण किंमत. २०१४ मध्ये सरकारी घाऊक खरेदीत एक दिवा सुमारे ३१० रुपयांना पडत होता. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली, खरेदी कोटींच्या घरात गेली, आणि दोन-तीन वर्षांत तोच दिवा ३८ रुपयांवर आला. योजनेत ३६ कोटींहून जास्त दिवे वाटले गेले. वीज कार्यालयात रांगेत उभं राहून दिवे घेतलेले पुष्कळ जण वाचकांत असतील. तुमचा एक दिवा समुद्रातला थेंब होता, हे खरं. पण त्या थेंबांनी दर पाडला, आणि पडलेल्या दरामुळं ज्यांनी हवामानबदलाचं नावही ऐकलं नव्हतं त्यांच्याही घरात एलईडी गेला.

आता पाळी पंख्याची. छताचा साधा पंखा ७५ वॅटचा. बीएलडीसी मोटारीचा पंखा तेवढाच वारा तीसेक वॅटमध्ये देतो. आपल्याकडं पंखा वर्षातले आठ महिने, दिवसाचे पंधरा तास फिरतो. एका पंख्यामागे वर्षाला १६० युनिट वाचतात, म्हणजे दिव्यापेक्षा जास्त. बंद पडेपर्यंत जुना वापरायचा आणि बदलताना हा घ्यायचा, इतकं सोपं आहे.

नऊ मिनिटं

"एकट्यानं करून काय होतं?" याचं उत्तर ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता मिळालं. करोनाच्या टाळेबंदीत घराघरांतले दिवे नऊ मिनिटं मालवले गेले. ग्रिड सांभाळणाऱ्यांचा अंदाज होता की मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटनं घटेल. ती घटली सुमारे ३१ हजार मेगावॅटनं. महाराष्ट्रातलं सगळ्यांत मोठं सरकारी औष्णिक केंद्र चंद्रपूरचं, २,९२० मेगावॅटचं. तशी दहा केंद्रं नऊ मिनिटं गरजेची उरली नाहीत! बहुतेक कारखाने आधीच बंद होते. हा भार मुख्यतः घरांचा होता. देशातल्या धरणांवरच्या जलविद्युत केंद्रांनी झटपट वीज कमी-जास्त करून तोल सांभाळला.

त्या रात्रीचा हेतू बचतीचा नव्हता, आणि नऊ मिनिटांनी हवामान बदलत नाही. पण घरांची मूठ केवढी आहे, ते त्या रात्री मोजलं गेलं.

एकरभर रान, इंचभर पाणी

वसमतमध्ये विजेबद्दल बोलायचं आणि मोटारीबद्दल बोलायचं नाही, असं होऊच शकत नाही. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी आहे, विहिरी आहेत, बोअर आहेत, आणि हळद-ऊस-केळी ही तहानलेली पिकं आहेत.

एक एकर रानावर एक इंच पाणी द्यायचं म्हणजे किती? एक लाख लिटरहून थोडं जास्त. ते पन्नास फूट विहिरीतून वर आणायला शास्त्राप्रमाणे ४ युनिट पुरतात. प्रत्यक्षात दहा-बारा लागतात. मधले सहा-आठ कुठं जातात? जुन्या, दोनदा-तीनदा रिवाइंडिंग केलेल्या मोटारीत. अरुंद पाइपात. जागोजागच्या बेंडांत. आणि फुटव्हॉल्व्हमध्ये, ज्याला शेतात सगळे 'फुटबॉल' म्हणतात. फुटबॉल अडखळत असेल तर मोटार पाण्याऐवजी त्याच्याशीच झगडत बसते. चांगला फुटबॉल आणि ऐसपैस पाइप, यांत घातलेले पैसे लवकर निघतात. हेच पाणी तीनशे फूट बोअरमधून आणायचं म्हटलं, तर शास्त्राचा हिशोबच ४ वरून २५ वर जातो. भूजल एक-एक फूट खाली जातं, तसं प्रत्येक थेंबाबरोबर कोळसाही जास्त उपसावा लागतो. पाटपाण्याऐवजी ठिबक केलं, की पाणी वाचलं असं आपण म्हणतो. खरं तर त्याबरोबर वीजही वाचते, आणि डीपीवरचा भार हलका होतो तो वेगळाच.

कपॅसिटर बसवा, असं महावितरणचे लोक वर्षानुवर्षं सांगतात. ते बिलासाठी सांगत नाहीत. कपॅसिटर नसला की त्याच कामाला तारांतून जास्त करंट वाहतो, दाब पडतो आणि शेवटच्या शेतातली मोटार नुसती गुरगुरते. ऑटो स्विचचंही तसंच. लाइट आली रे आली की सगळ्या मोटारी एका दमात उठतात आणि डीपी जळते. मग आठ-दहा दिवस अख्खं शिवार कोरडं. शेतातली बचत शेजाऱ्याच्या उपयोगाला पडते ती अशी.

रात्रीच्या लाइटचं दुखणं तर सगळ्यांना ठाऊक आहे. थंडीत, अंधारात, सापाकिरडाच्या भीतीत पाणी द्यायला जायचं. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच. सौर पंपानं धूर कमी होतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तो दिवसा चालतो, ही शेतकऱ्याच्या घरच्यांना त्याहून मोठी वाटणारी गोष्ट आहे, आणि मला ती बरोबर वाटते.

धोक्याचं ठिकाण तेवढं सांगितलं पाहिजे. ऊन फुकट आहे म्हणून पंप दिवसभर सोडून दिला तर वीज वाचेल आणि विहीर रिकामी होईल.

परळीची चिमणी

वीज आणि पाणी यांची गाठ मराठवाड्याइतकी कुणी पाहिलेली नाही. २०१३ च्या दुष्काळात, आणि पुन्हा २०१५ मध्ये, परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, माणसं होती, यंत्रं होती. पाणी नव्हतं. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात केंद्राला पुरेल इतकं पाणीच उरलं नव्हतं.

जुन्या औष्णिक केंद्रांनी एका युनिटामागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये, असा नियम केंद्र सरकारनं डिसेंबर २०१५ मध्ये केला. त्या मापानं पाहिलं तर रोज एक युनिट वाचवणारं घर वर्षाला बाराशेहून जास्त लिटर पाणीही वाचवतं. तो सेट-टॉप बॉक्स आठवा. ७३ युनिट, म्हणजे अडीचशे लिटर. पाण्याचा टँकर दारात येतो त्या उन्हाळ्यात हे पाणी आपण टीव्हीच्या खालच्या डब्यात ओतत असतो.

इस्त्री दुपारी करा

अकरा ते चारच्या दरम्यान सौर केंद्रांची वीज भरभरून येते. सूर्य मावळला की ती ओसरते, आणि नेमके तेव्हाच घराघरांतले दिवे, पंखे, टीव्ही लागतात. ती संध्याकाळ मुख्यतः कोळशाच्या जिवावर निघते. त्यामुळं एकच युनिट दुपारी हलकं असतं आणि संध्याकाळी सात वाजता जड. इस्त्री, धुण्याचं यंत्र, टाकीत पाणी चढवणं, दळण ही कामं दुपारी सरकवली, तर एकही युनिट न वाचवता धूर कमी होतो. जुलै २०२५ पासून टीओडी, म्हणजे वेळेनुसार वीज मोजणारे, मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटामागे ८० पैशांपासून सवलत ठेवली गेली, ती याच कारणानं.

छतावर सौर पॅनेल बसवायला फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीनं तर अख्खं गाव सौर विजेवर आणलं आणि २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून मान मिळवला. शंभरएक घरांचं गाव आहे. क्रम मात्र महत्त्वाचा. आधी गळती बुजवायची, मग पॅनेल घ्यायचं, म्हणजे लहान पॅनेलमध्ये भागतं.

झाकण, भिजवण आणि पाचट

डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून लावले की कुकरखाली गॅस कमी लागतो. उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवून काहीच साधत नाही. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांच्या पुढं जात नाही, जादा गॅसची नुसती वाफ होते. झाकण ठेवा, आच कमी करा. आजीला हे शिकवायची गरज नव्हती.

शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात २००९ पासून गच्चीवरच्या ७३ मोठ्या तबकड्या ऊन गोळा करून वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारो भक्तांचं जेवण शिजतं. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्रासाठी २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या सराई कुकरमध्ये शंभरएक ग्रॅम कोळशावर पाच माणसांचं वरण-भात-भाजी शिजतं. वसमतच्या पूर्णा कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या मागं रानात किती पाचट राहतं आणि त्यातलं किती काडी लावून जाळलं जातं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. ते रानात कुजवलं तर मातीला कस येतो, कोळसा केला तर चूल पेटते. पेटवून दिलं तर दोन्ही गेलं.

मग खरंच थांबेल का?

१९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर हवेतला कार्बन डायऑक्साइड नियमित मोजायला लागले तेव्हा तो दर दहा लाख भागांत ३१५ होता. आता ४२० च्या वर गेला आहे. हा आकडा वसमतच्या दिव्यांनी वाढवलेला नाही. भारतातल्या माणसामागे वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास, अमेरिकेची १४. ज्यानं कमी जाळलं त्याच्याच रानावर गारा पडाव्यात, हा अन्याय आहे आणि तो मोठ्यानं बोललाच पाहिजे.

दुसरी अडचण १८६५ मध्येच इंग्रज अर्थतज्ज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी दाखवून दिली होती. वाफेची यंत्रं कमी कोळशात चालायला लागली, तसा कोळसा एकूण जास्तच खपायला लागला. आपल्याकडंही तेच. एलईडीला वीज कमी लागते म्हणून अंगणात चार जास्त लागतात आणि पथदिवे उन्हातही जळत राहतात. बचतीचा काही भाग असा परत गळतो. सगळा मात्र गळत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान शास्त्रज्ञांच्या मंडळानं, म्हणजे आयपीसीसीनं, २०२२ मध्ये हिशोब मांडला. लोकांची राहणी, घरं, प्रवास, खाणं आणि उपकरणं यांत बदल झाला, तर त्या क्षेत्रांतला धूर २०५० पर्यंत ४० ते ७० टक्के कमी होऊ शकतो. पण त्यासाठी चांगल्या बसगाड्या हव्यात, स्वस्त पंखे हवेत, थंड राहणारी घरं हवीत, दिवसा मिळणारी लाइट हवी. नुसत्या सवयींवर हा आकडा उभा राहत नाही. म्हणून माझं उत्तर असं आहे. घरातल्या एकट्या बचतीनं कोळसा हटणार नाही, पण तिच्याशिवायही हटणार नाही. जितकी मागणी कमी, तितकं सौर-पवन विजेला कोळशाची जागा लवकर घेता येते.

महाराष्ट्रानं याची एक छोटी परीक्षा दिलेली आहे. २००५ च्या सुमारास भारनियमनानं गावं अंधारात होती, तेव्हा 'अक्षय प्रकाश' नावाची योजना आली. गावानं मिळून ठरवायचं, की संध्याकाळी मोटारी, गिरण्या, हीटर असं जड काही चालवायचं नाही. त्या बदल्यात घरात दिवे, पंखे, टीव्ही यांपुरती लाइट राहील. एकानं चोरून मोटार लावली की अख्ख्या गावाचे दिवे जायचे, त्यामुळं राखण गावच करायचं. ज्या गावांनी हे पाळलं, तिथल्या पोरांना परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला उजेड मिळाला.

मीटरचं लुकलुकणं मोजा

शेवटचा हिशोब तुमच्या दारातल्या मीटरचा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एक आकडा छापलेला असतो, अनेक मीटरांवर तो ३२०० असतो. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. असा मीटर सेकंदाला एकदा लुकलुकत असेल, तर घरात त्या क्षणी ११२५ वॅट चालू आहेत. दहा सेकंदांनी एकदा लुकलुकला तर ११२ वॅट, म्हणजे एक पंखा, टीव्ही आणि एखादा दिवा.

आज रात्री घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा पाच मिनिटं. मग बॅटरी घेऊन मीटरसमोर उभे राहा, मुलांना सोबत घ्या, आणि दोन लुकलुकण्यांमधले सेकंद मोजा. दिवा थांबलाच, तर घर स्वच्छ आहे. दर दोन मिनिटांनी एकदा लुकलुकला, तर कुठं तरी नऊ-दहा वॅट चालू राहिले आहेत. आत जाऊन आधी टीव्हीच्या खाली बघा.